अमानत की मालकी?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे कासारवडवली हे मूळचे गाव. भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी आतल्या गल्ल्या, जुनी घरे आणि एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसे टिकून होती. २७ आणि २८ फेब्रुवारी २०१६ मधल्या रात्री या गावातील एका मुस्लिम घरात चौदा माणसे मारली गेली. मारणारा बाहेरचा नव्हता. पस्तिशीतला, कॉमर्स शिकलेला, हिशेबाच्या कामात असलेला तो घरचाच मुलगा होता. त्याने दावतीच्या निमित्ताने बहिणींना मुलाबाळांसह घरी बोलावले. जेवणखाण झाले, सगळे निजले. उजाडण्याआधी आईवडील, पत्नी, स्वतःच्या दोन मुली, बहिणी आणि त्यांची लेकरे यांचे गळे चिरले गेले होते. त्यांत काही महिन्यांची बाळेही होती. नंतर त्याने स्वतः गळफास घेतला. एक बहीण तेवढी जखमी अवस्थेत वाचली.

त्या माणसाचे नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. आम्ही ते इथे लिहीत नाही. त्या आडनावाची घरे कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्यांना या ओझ्याचे काय? आणि जी वाचली, तिलाही जगायचे आहे.

खुनी जिवंत असता तर खटला चालला असता, साक्षी झाल्या असत्या, मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले असते. तो मेल्यामुळे हे काहीच झाले नाही. उरला तो ‘का?’ हा प्रश्न. पहिल्या चार दिवसांत या प्रश्नाची जागेचा वाद, कर्ज, करणी आणि जादूटोणा, मनाचा आजार अशी अनेक उत्तरे छापून आली. जेवणातून किंवा पेयातून गुंगीचे औषध दिले असावे, असा पोलिसांचा कयास होता. मग दुसरी बातमी आली आणि लोक हा विषय विसरले. आमच्या मते तो विसरण्यासारखा नाही. चौदा कबरींपुढे उभे राहून ‘अल्लाह की मर्जी’ एवढेच म्हणून आपण परत फिरलो, तर त्या लेकरांचे काहीतरी देणे आपल्या अंगावर राहते.

शैतान आला होता का?

त्या सोमवारी उर्दू शाळेतल्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, ‘सर, उसपर शैतान आया था क्या?’ मुलगा दहा-अकरा वर्षांचा. प्रश्न प्रामाणिक होता. मोहल्ल्यातली मोठी माणसे घरोघरी हेच बोलत होती. नमाज पढणारा, दाढी राखणारा, कुणाशी न भांडणारा माणूस असे करतो म्हणजे तो ‘तो’ नव्हताच, त्याच्या अंगात दुसरे कुणीतरी शिरले होते, असे म्हटले की मन हलके होते. भीती घरातून उठते आणि जिन-शैतानाच्या मुलखात जाऊन बसते.

पण आपला दीन ही सवलत देतो का? सूरह इब्राहीममध्ये हिशेबाच्या दिवसाचे एक दृश्य आहे. तिथे शैतान आपल्या मागे आलेल्यांपुढे हात झटकून मोकळा होतो. त्याचे म्हणणे असे की, त्याने फक्त हाक दिली, जबरदस्ती करण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता, तेव्हा दोष आता ज्याचा त्याने घ्यावा. मदरशातल्या मुलाला ठाऊक असलेली ही गोष्ट आपण मोठेपणी सोयीने विसरतो. शैतानावर सगळे ढकलले की माणूस निर्दोष होतो आणि त्याच्याभोवतीचे आपण सगळेही निर्दोष होतो. मग कुणी काही पाहायला हवे होते, विचारायला हवे होते, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट येते. ज्याला जिन लागला असे आपण ठरवतो, त्याला आपण दवाखान्यात नेत नाही, बाबाकडे नेतो. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो सगळ्या धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. तरीही ताईत, गंडा, दोरा आणि ‘उतारा’ यांचे दुकान मुंब्रा-कौशात, भिवंडीत, कल्याणच्या दूधनाक्याला चालूच असते. त्यात केवळ पैसे जातात असे नव्हे. उपचाराचे महिने जातात, आणि हे नुकसान भरून येत नाही.

‘ठाण्याला पाठवा’

दुसरे सोपे उत्तर म्हणजे ‘वेडा होता’. आम्ही ठाणेकर या शब्दाशी जन्मापासून परिचित आहोत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही गेलो तरी ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ऐकू येते. एका शहराचे नाव वेडाचे दुसरे नाव होऊन बसावे, यावरूनच मनाच्या आजाराकडे आपण कसे पाहतो ते कळते.

मनाचा आजार आणि भयंकर गुन्हा यांचा संबंध कधी कधी असतो, हे खरे. १९६०च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी ठेचणारा रामन राघव ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले, तेव्हा त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचे निष्पन्न झाले. आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, या भ्रमात तो जगत होता. १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला.

पण या एका उदाहरणावरून सगळ्या मनोरुग्णांना खुनी ठरवणे हा घोर अन्याय होईल. मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणाच्या अंगावर जात नाहीत. उलट मार खाणारी, लुबाडली जाणारी, घरातल्या मागच्या खोलीत कोंडली जाणारी तीच असतात. आणि ज्यांच्या हातून महाभयंकर गुन्हे घडले, त्यांतले कितीतरी वैद्यकीयदृष्ट्या वेडे नव्हते. म्हणून ‘वेडा होता’ हे वाक्य डॉक्टरने तपासून म्हटले तर निदान असते. कट्ट्यावर म्हटले तर ती पळवाट असते.

या बाबतीत आपली परंपरा आजच्या कट्ट्यापेक्षा शहाणी होती. वेडा, झोपलेला आणि लहान मूल यांच्यावरून हिशेबाचे कलम उचललेले असते, ही हदीस आपण ऐकलेली आहे. ज्याला काय करतो हे कळत नाही, त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायाधीशांनी १८४३ साली मॅकनॉटन खटल्यानंतर सूत्रात बांधले. आपल्या दंडसंहितेत ते कलम ८४ म्हणून होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आहे. दहाव्या शतकात, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी वारलेल्या अबू ज़ैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराचे आणि मनाचे आरोग्य या दोहोंवर मिळून एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, उदासी, मनात पुन्हा पुन्हा येणारे नको ते विचार यांचा त्यात वेगवेगळा विचार केला आहे. शरीर आजारी पडते तसे मनही पडते आणि त्यालाही इलाज हवा, ही त्याची भूमिका होती. ज्या समाजात असा ग्रंथ लिहिला गेला, त्या समाजातल्या सुनेला उदासी आली तर ‘नखरे करते’ आणि पोरगा गप्प झाला तर ‘नजर लागली’ असे म्हणायची वेळ का यावी?

हळूहळू वाकणारे मन

शैतान नाही आणि दर वेळी वेडही नाही, तर मग काय? या प्रश्नाशी येऊन आम्ही हाबील-काबीलच्या किश्शापाशी थांबतो. माणसाच्या इतिहासातला पहिला खून म्हणून जो सांगितला जातो, तो युद्धात झाला नाही, चोराने केला नाही. भावाने भावाचा केला. सूरह माइदामध्ये हा किस्सा येतो, तिथे काबीलच्या नफ्सने त्याला खुनासाठी राजी केले अशा अर्थाचे एक क्रियापद वापरले आहे. उर्दू शिकवणाऱ्याचे लक्ष त्या शब्दाकडे जातेच. आपण रोज वापरतो तो ‘इताअत’, म्हणजे आज्ञापालन, हा शब्द त्याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे नफ्सने एका झटक्यात हल्ला केला नाही. अवघड वाटणारी गोष्ट सोपी करून दाखवली, मनाला थोडेथोडे वाकवत नेले, आणि शेवटी ते ताबेदार झाले. खून पडल्यावर मात्र काबीलला भावाच्या प्रेताचे काय करायचे हेही सुचेना. ते त्याला कावळ्याने शिकवले.

आधुनिक मानसशास्त्राचेही मुख्य म्हणणे याच्या जवळचे आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्राम याने १९६१ पासून जे प्रयोग केले, त्यांत साध्या नोकरदार माणसांना समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगितले होते. झटके खोटे होते, देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. पंधरा पंधरा व्होल्टने वाढवत न्यायचे. पहिल्या मालिकेतल्या चाळीसपैकी सव्वीस माणसे ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेली. पहिल्याच मिनिटाला ४५० चा झटका द्या म्हटले असते, तर यांतल्या किती जणांनी हात पुढे केला असता? पायरी लहान असली की माणूस खाली किती उतरला ते त्याचे त्याला कळत नाही.

पुण्यातले जोशी-अभ्यंकर हत्याकांड याची साक्ष देते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांच्या ओळखीचाच विद्यार्थी होता. पैशासाठी सुरू झालेली गोष्ट पुढे घरात शिरून कुटुंबेच्या कुटुंबे संपवण्यापर्यंत गेली. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. नावे पाहा. हिंदू-मुसलमान एकत्र होते, एकाच कॉलेजात चित्रकला शिकत होते. मुनव्वर शाहचे तुरुंगात लिहिलेले आत्मकथन ‘येस, आय ॲम गिल्टी’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्या नावात आपल्या विषयाचा अर्धा भाग आला आहे. टोळीत कसा ओढला गेलो हे सांगतानाही त्याने ‘मी गुन्हेगार आहे’ हे शीर्षस्थानी ठेवले. कारण सांगणे आणि कबुली देणे या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येतात.

घरच्यांना मारणारा

तरीही कासारवडवलीचे कोडे वेगळे आहे. तिथे टोळी नव्हती, लूट नव्हती. ज्यांच्यासाठी माणूस कमावतो त्यांनाच त्याने मारले. असे गुन्हे जगात इतरत्रही झालेले आहेत. अमेरिकेत न्यू जर्सीत १९७१ मध्ये जॉन लिस्ट नावाच्या हिशेबनिसाने आई, पत्नी आणि तीन मुलांना ठार केले आणि तो नाव बदलून अठरा वर्षे लपून राहिला. नोकरी गेली होती, कर्ज झाले होते, ते घरच्यांपासून लपवले होते. तो चर्चमध्ये नियमाने जाणारा होता. आपण त्यांच्या आत्म्यांना गरिबीपासून आणि बिघडण्यापासून वाचवले, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये ज्याँ-क्लोद रोमाँ हा माणूस वर्षानुवर्षे डॉक्टर असल्याचे सोंग करीत होता. सोंग उघडे पडायची वेळ आली तेव्हा, १९९३ मध्ये, त्याने पत्नी, दोन मुले आणि आईवडील यांना मारले.

ब्रिटनमधील १९८० ते २०१२ या काळातल्या अशा ७१ खुन्यांचा अभ्यास बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ७१ पैकी ५९ पुरुष होते. त्यांनी चार प्रकार पाडले. सगळा दोष पत्नीवर टाकणारा, घरच्यांनी आपली मान खाली घातली असे मानणारा, पैसा आणि प्रतिष्ठा गेल्यावर आता कुटुंबाला अर्थच उरला नाही असे वाटणारा, आणि कुटुंबाला कुणापासून तरी ‘वाचवण्यासाठी’ मारणारा. यांतले बरेचसे शेजाऱ्यांच्या लेखी चांगले नवरे आणि प्रेमळ बाप होते.

कासारवडवलीचा माणूस यांतल्या कुठल्या प्रकारात बसतो, की कुठल्याच नाही, हे ठरवायला आम्ही बसलो नाही. मेलेल्या माणसाचे मन तपासता येत नाही. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला जून २०२२ मध्ये एका कुटुंबातली नऊ माणसे मृत सापडली. कर्जापायी सामूहिक आत्महत्या, असा निकाल लोकांनी लगेच देऊन टाकला. आठवडाभरात पोलिसांनी मांत्रिकाला आणि त्याच्या साथीदाराला विष दिल्याच्या आरोपावरून अटक केली. कारण ठरवायची घाई कशी अंगाशी येते, हे यावरून कळावे.

पण या चारही प्रकारांच्या मुळाशी एक समान गोष्ट दिसते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. तो माणूस घरच्यांना स्वतंत्र जीव मानतच नाही. ती त्याची माणसे, म्हणजे त्याच्या मालकीची माणसे. तो हरला म्हणजे ती हरली, त्याची इज्जत गेली म्हणजे त्यांना जगायचे कारण नाही. ‘माझ्यामागे यांचे काय होईल?’ या वाक्यात आपल्याला माया ऐकू येते. त्याच वाक्यात एक भयंकर अहंकारही असू शकतो. आपल्याशिवाय यांना अन्न देणारा कुणी नाही, असे मानणारा माणूस राज़िकच्या जागी स्वतः जाऊन बसलेला असतो. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, त्यांची रोज़ी आणि तुमची रोज़ी देणारा एकच आहे, अशा आशयाचा हुकूम कुरआनात दोन ठिकाणी आला आहे. तो चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबांसाठी होता असे समजून आपण पुढे वाचत जातो.

मुले आणि बायको ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे निकाहच्या खुत्ब्यानंतर, अकीक्याच्या जेवणात आपण सगळेच म्हणतो. वागणे मात्र मालकाचे असते. मुलीने काय शिकायचे ते मी ठरवणार. बायकोने माहेरी कधी जायचे ते मी ठरवणार. मी कर्ज किती काढले ते घरात कुणी विचारायचे नाही. यांतला प्रत्येक मालक खुनी होतो असे नाही, कोट्यवधी होत नाहीत. पण जो कुणी होतो, त्याला हा विचार बाहेरून आयात करावा लागत नाही. तो त्याला घरात, मोहल्ल्यात, लहानपणापासून मिळालेला असतो. त्याच्या मनाची शेवटची पायरी फक्त त्याची असते. वरच्या पायऱ्या बांधताना आपले हातही लागलेले असतात.

‘त्यांच्यातला’ आणि ‘आपल्यातला’

एक अडचण आपल्या समाजाची खास आहे. २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतील खुनाच्या आरोपावरून एका मुस्लिम तरुणाला अटक झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर महिनाभर आपल्या धर्माचा खटला चालला. मोर्चे निघाले. लोकलच्या डब्यात आपण मान खाली घालून बसलो. पुढच्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला एका स्त्रीच्या खुनात तसाच क्रूर प्रकार उघड झाला. आरोपी मुसलमान नव्हता. मग त्याच्या धर्माची चर्चा झाली नाही, आणि ती होऊ नये हेच योग्य होते. तेच माप आपल्यालाही लागावे, एवढेच आपले मागणे आहे, आणि ते रास्त आहे.

पण या अन्यायाचा एक वाईट परिणाम आपल्यावरच होतो. बाहेरचे लोक प्रत्येक गुन्ह्यात आपला धर्म शोधतात, म्हणून आपण प्रत्येक गुन्ह्यापासून घराचा पडदा जपायला लागतो. ‘ही आपल्यातली गोष्ट बाहेर कशाला?’ असे म्हणून नवऱ्याचा मार, पोराचे व्यसन, सासऱ्याची नजर, थोरल्याचे कर्ज हे सगळे चार भिंतींत पुरून टाकतो. बदनामीच्या भीतीने सत्य लपवणारा समाज शेवटी स्वतःचेच नुकसान करतो. धर्म पाळणारा माणूस गुन्हा करू शकत नाही असे नाही, आणि त्याने केला म्हणून धर्म गुन्हेगार ठरत नाही. हे दोन्ही एकाच दमात म्हणायचे धैर्य आपल्यात आले पाहिजे.

समजणे आणि सोडणे

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. एवढे समजून घेत बसलो तर शेवटी खुन्याची कीव नाही का येणार? मेलेल्या लेकरांवर हा अन्याय नाही का? आक्षेपात तथ्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेत एका अल्पवयीन मुलीचे अपहरण करून खून झाला. मनोरुग्ण असल्याच्या दाखल्यावर त्या आरोपीने आधीच्या गुन्ह्यात जामीन मिळवला होता, असा आरोप तेव्हा झाला. एप्रिल २०२५ मध्ये तो तळोजा तुरुंगात मृतावस्थेत आढळला. ‘मानसिक कारण’ हा शब्द ऐकला की लोक चिडतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

आमचे उत्तर साधे आहे. वैद्य रोगाचे कारण शोधतो तेव्हा तो रोगाची बाजू घेत नसतो. खुन्याच्या मनाचा अभ्यास त्याला सोडवण्यासाठी करायचा नाही. त्याचा न्याय न्यायालय करील, आणि ज्याचा इथे झाला नाही त्याचा वर होईल. अभ्यास करायचा तो पुढच्या घरासाठी. ‘नराधम’, ‘हैवान’ असे मथळे वाचताना बरे वाटते, कारण त्यामुळे खुनी आपल्या जातीचा, म्हणजे माणसाच्या जातीचा उरत नाही. पण हैवानाला आपण काय विचारणार, काय शिकवणार? माणूस मानले तरच त्याला जबाबदार धरता येते, आणि माणूस मानले तरच दुसऱ्या माणसाला त्या पायरीवर वेळीच अडवता येते.

अडवायचे कसे, याची मोठी योजना आम्हा शिक्षकमंडळींकडे नाही. काही लहान गोष्टी मात्र दिसतात. जुम्याच्या खुत्ब्यात पोशाखाविषयी जितके बोलले जाते, त्याच्या चौथा हिस्सा कर्जात बुडालेल्या माणसाने घरी खरे सांगावे याविषयी बोलले जावे. जमातीच्या बैतुलमालमधून कर्जदाराला मदत करायची तरतूद दीनमध्येच आहे, तिथे हात पसरणाऱ्याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर होऊ नये. शाळेत मुलगा रडला तर ‘लडकियों की तरह रोता है?’ असे म्हणणे बंद व्हावे. ज्याला लहानपणी रडू दिले नाही, त्याला मोठेपणी हरलो म्हणून सांगता येत नाही. आणि केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक मशिदीच्या नोटीस बोर्डावर नमाजच्या वेळांच्या शेजारी लिहायला काय हरकत आहे?

यातले एकही पाऊल कासारवडवलीच्या त्या रात्रीपर्यंत मागे पोहोचत नाही. पण राबोडीत, महागिरीत, मुंब्र्यात, कल्याणला आज रात्री कुणीतरी दार लावून हिशेबाची वही उघडून बसला असेल, आणि आतल्या खोलीत निजलेली माणसे आपल्या नावावरची जिंदगी आहे असे त्याला वाटू लागले असेल. ती त्याची नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. आणि सांगणाऱ्याने त्याआधी ते आपल्या घरात मानलेले असायला हवे.